न घडलेल्या खेळाचा इतिहास : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला टॅगर

२० सप्टेंबर १९५८, शनिवार. स्थळ मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. हे मैदान आपल्याला ठाऊक आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. पहाटे उठून दूरचित्रवाणीपुढे बसणाऱ्या घराघरांत त्याची ओळख आहे. त्या शनिवारी मात्र तेथे जमलेली लाखाच्या घरातली गर्दी क्रिकेटसाठी आलेली नव्हती. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना होता, मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड. त्या सामन्यात कॉलिंगवूडच्या एका खेळाडूवर सोपवलेली कामगिरी मोठी विलक्षण होती. चेंडू मिळवायचा नव्हता, गोलही करायचा नव्हता. समोरच्या एका माणसाला खेळू द्यायचे नव्हते, एवढेच.

हा खेळाडू म्हणजे बॅरी हॅरिसन. ज्याला रोखायचे होते तो रॉन बरॅसी. यांतले दुसरे नाव ऑस्ट्रेलियात आजही दंतकथेसारखे घेतले जाते. पहिले नाव सांगायला जुना जाणकार शोधावा लागतो. आजचा धागा या दोन नावांमधल्या अंतराविषयी आहे. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

आधी खेळ समजून घेऊ, कारण त्याच्या रचनेतच या गोष्टीचे मूळ आहे. १८५८ च्या जुलैमध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका नियतकालिकाला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. पुढच्याच वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबर्न क्लबने आपले नियम लिहून काढले. (याच विल्सने १८६६ च्या बॉक्सिंग डेला आदिवासी क्रिकेटपटूंच्या संघाचे मेलबर्नच्या मैदानावर नेतृत्व केले. त्याच्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.) खेळ क्रिकेटच्याच मैदानांवर वाढला, म्हणून त्याचे मैदान आजही लंबगोल असते. लांबी दीडशे मीटरांच्या आगेमागे, एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा, फेकायचा मात्र नाही. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने पार केला तर ६ गुण, त्यांच्या शेजारच्या खांबांतून गेला तर १.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या खेळात ऑफसाइडचा नियम नाही. सॉकर किंवा रग्बीत एक अदृश्य रेषा खेळाडूंना आवर घालते. येथे कोणीही कोठेही जाऊ शकतो. त्यामुळे जुन्या काळी हा खेळ जोड्यांचा होता. आघाडीच्या प्रत्येक खेळाडूसमोर बचावाचा एकेक खेळाडू ठरलेला असे आणि दुपारभर ते दोघे एकमेकांना सोडत नसत. याला अपवाद तिघांचा. चेंडूच्या मागे मैदानभर धावणारे हे खेळाडू ‘फॉलोअर’ म्हणवले जात. बाकीच्यांना घर होते, यांना नव्हते. साहजिकच यांच्यावर पहारा कोणी ठेवायचा, हा प्रश्न खेळाच्या रचनेतच अनुत्तरित राहिला होता.

पन्नाशीच्या दशकात तो ऐरणीवर आला. मेलबर्नचा प्रशिक्षक नॉर्म स्मिथ याच्या हाती रॉन बरॅसी हा तरुण लागला होता. बरॅसीचे वडीलही मेलबर्नकडूनच खेळलेले. १९४१ मध्ये तोब्रुक येथे ते युद्धात पडले. किशोरवयात बरॅसी स्मिथच्याच आश्रयाला राहिला. तो उंचीने रकमनच्या, म्हणजे चेंडूसाठी सर्वांत उंच उडी घेणाऱ्या खेळाडूच्या, जागेला कमी पडे. आणि रोव्हर म्हणून, म्हणजे पायाशी घोटाळणारा चेंडू टिपणारा चपळ खेळाडू म्हणून, जरा थोराड ठरे. तेव्हा स्मिथने त्याला या दोहोंच्या मध्ये ‘रक-रोव्हर’ म्हणून मोकळे सोडले. या जागेला खरा आकार बरॅसीनेच दिला, असे मानले जाते. फळ लगेच दिसले. १९५५, १९५६, १९५७ अशी सलग तीन अजिंक्यपदे मेलबर्नने जिंकली.

चौथे जिंकले असते तर काय झाले असते? तर कॉलिंगवूडच्या विक्रमाची बरोबरी झाली असती. १९२७ ते १९३० अशी सलग चार अजिंक्यपदे कॉलिंगवूडने मिळवली होती. कामगार वस्तीतून उभ्या राहिलेल्या या क्लबचे ते सर्वांत मोठे धन होते. १९५८ च्या मोसमात मेलबर्न गुणतालिकेत अव्वल होते आणि उपान्त्य फेरीत त्याने कॉलिंगवूडलाच हरवले होते. अंतिम सामन्याआधी कॉलिंगवूडचा कर्णधार फ्रँक टक जखमी झाला, म्हणून मरे वाइडमन याच्याकडे सूत्रे आली. जिंकण्याची आशा धरावी असे फारसे काही नव्हते. राखायचे होते ते एकच, वाडवडिलांच्या पिढीने कमावलेला विक्रम.

म्हणून बरॅसीला हॅरिसन लावला गेला. हे काम सभ्यपणे झाले असे म्हणवत नाही. वाइडमन आणि हॅरिसन यांनी धक्काबुक्कीने मेलबर्नच्या खेळाडूंचे चित्त विचलित केले. सुरुवातीला पुढे असलेला संघ हळूहळू चेंडू सोडून माणसांचा हिशोब चुकता करण्याच्या मागे लागला. बरॅसीही त्यात ओढला गेला. कॉलिंगवूडने सामना ८२ विरुद्ध ६४ असा, १८ गुणांनी जिंकला. त्यानंतर १९५९ आणि १९६० ची अजिंक्यपदे पुन्हा मेलबर्ननेच घेतली. म्हणजे मधली ती एक दुपार वगळली तर सलग सहा वर्षांचे साम्राज्य झाले असते. चार सलग अजिंक्यपदांचा कॉलिंगवूडचा विक्रम आजही अबाधित आहे. त्यानंतर ब्रिस्बेन आणि हॉथॉर्न या क्लबांची मजल सलग तीनपर्यंत गेली, चौथे कोणालाच साधले नाही.

आता इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हॅरिसनने नेमके किती काम केले, हे आपण कशावरून सांगतो? या लीगच्या सामन्यांत कोणी किती वेळा चेंडू हाताळला याचे सलग आकडे १९६५ पासूनचे मिळतात. १९५८ च्या सामन्याची धावसंख्या आहे, गोल करणाऱ्यांची नावे आहेत. परंतु बरॅसीला चेंडू किती वेळा मिळाला आणि हॅरिसन जवळ नसता तर किती वेळा मिळाला असता, हे सांगणारा कागद नाही. उरतात ती वृत्तपत्रांतली वर्णने आणि खेळाडूंनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी. अशा आठवणींत जिंकलेल्यांची चतुराई दर दशकाला थोडी वाढत जाते, हे आपण बखरी वाचताना शिकलेलोच आहोत. १९५८ चा सामना एकट्या हॅरिसनने जिंकला असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. पण पहाऱ्याचे काम एका माणसावर नाव घेऊन सोपवले गेले आणि ते लोकांच्या लक्षात राहिले, एवढे निश्चित.

पुढच्या काळात नियमांनीच या कामाला वाव दिला. २०२५ च्या मोसमापर्यंत मैदानाच्या मध्यभागी पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवत असे आणि खेळ सुरू होत असे. पूर्वी त्या ठिकाणी वाटेल तेवढे खेळाडू गर्दी करत. १९७३ मध्ये तेथे एक चौकट आखली गेली. १९७५ पासून ती चौरस झाली आणि सुरुवातीच्या क्षणी प्रत्येक बाजूचे चौघेच आत उभे राहतील असे ठरले. गर्दी हटली तसा चांगल्या मिडफिल्डरला श्वास घ्यायला अवकाश मिळाला, आणि त्याच्या मागावर राहणाऱ्यालाही तो स्पष्ट दिसू लागला. १९७८ मध्ये बदली खेळाडूंची पद्धत पालटली. तोवर मैदानाबाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. आता तो विश्रांती घेऊन पुन्हा आत येऊ लागला. दुपारभर दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकत धावणे आता शरीराला शक्य झाले. या कामाला ‘टॅगिंग’ आणि करणाऱ्याला ‘टॅगर’ ही नावे चिकटली आणि बहुतेक संघांत एखादा तरी असा माणूस दिसू लागला.

टॅगर नेमके काय करतो? तो चेंडूपेक्षा माणसाकडे जास्त पाहतो. चेंडू उडवला जाण्यापूर्वीच तो त्या खेळाडूला खांद्याने चिकटून उभा राहतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या व गोलच्या मधल्या बाजूला नव्हे, तर त्याच्या व चेंडूच्या मधल्या बाजूला. नियमाप्रमाणे हातांनी धरता येते ते फक्त चेंडू ज्याच्याकडे आहे त्यालाच. इतरांना अंगाने अडवता येते, तेही चेंडू पाच मीटरांच्या आत असेल तेव्हाच. टॅगरचे सारे आयुष्य या पाच मीटरांच्या सीमेवर जाते. जर्सीची चिमूट, कोपराचा हलकासा दाब, पळायला निघालेल्या माणसाच्या वाटेत अनवधानाने आल्यासारखे येणे. पंचाने पाहिले तर फ्री किक, नाही पाहिले तर कौशल्य. चांगल्या टॅगरला प्रतिस्पर्ध्याच्या सवयी पाठ असाव्या लागतात : तो डावीकडे वळतो की उजवीकडे, दमला की कोठे जाऊन थांबतो, चिडतो केव्हा. एखाद्या चरित्रकाराने नायकाचा अभ्यास करावा तसा हा अभ्यास असतो, फक्त हेतू उलटा.

या कामाचे मोल कोण ठरवतो, ही या विषयातली मला सर्वांत रंजक वाटणारी बाब. लीगचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान म्हणजे ब्राउनलो पदक. १९२४ पासून ते दिले जाते आणि त्यासाठी मते देतात मैदानावरचे पंच. प्रत्येक सामन्यानंतर ३, २, १ असे गुण. पंचाची नजर चेंडूवर असते. चेंडू ज्याच्याकडे वारंवार येतो तोच त्याला दिसतो. टॅगर त्याच्या नजरेत भरतो तो बहुधा गुन्हा करतानाच. टोनी लिबरेटोरे याचे उदाहरण घ्या. उंची केवळ १६३ सेंटिमीटर. १९ वर्षांखालील स्पर्धेतले, राखीव संघांच्या स्पर्धेतले आणि अखेर १९९० साली खुद्द ब्राउनलो, अशी तिन्ही सर्वोत्कृष्ट खेळाडूची पदके मिळवणारा तो एकमेव खेळाडू. पुढे तो लीगमधला सर्वांत धास्ती वाटावा असा टॅगर म्हणून गाजला. माणूस तोच, चिकाटी तीच. ब्राउनलो मात्र त्याला पुन्हा कधी मिळाले नाही.

याउलट प्रत्येक क्लब मोसमाच्या शेवटी आपला स्वतःचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडतो आणि तेथे बहुधा प्रशिक्षकांचे मत चालते. काम ज्यांनी सोपवले, त्यांचेच मत. मग यादी पाहा : सिडनीचा ब्रेट कर्क २००५ आणि २००७ मध्ये, जिलाँगचा कॅमेरॉन लिंग २००४ मध्ये, फ्रीमँटलचा रायन क्रॉली २०१२ मध्ये, पोर्ट ॲडलेडचा केन कॉर्न्स तर चार वेळा. हे सारे टॅगर म्हणून ओळखले गेलेले. एकाच मोसमाचे हे दोन दस्तऐवज आहेत, एक पंचांचा आणि एक प्रशिक्षकांचा, आणि त्यांत दिसणारी माणसे निराळी आहेत. दरबारी कागदपत्रे वाचणारा आणि खेड्यातली महसुली दप्तरे वाचणारा, असे दोन अभ्यासक एकाच शतकाची दोन निराळी चित्रे काढतात, त्यातलाच हा प्रकार.

२००५ चा अंतिम सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सिडनी विरुद्ध वेस्ट कोस्ट. सिडनी हा पूर्वीचा साउथ मेलबर्न क्लब. त्याने शेवटचे अजिंक्यपद १९३३ मध्ये मिळवले होते. वेस्ट कोस्टकडे ख्रिस जड होता, आदल्या वर्षीचा ब्राउनलो विजेता. सिडनीच्या मधल्या फळीत होता कर्क. शांत स्वभावाचा, बौद्ध ध्यानसाधनेकडे ओढा असलेला आणि मैदानावर प्रतिस्पर्ध्याला क्षणभरही उसंत न देणारा. सिडनीने सामना ५८ विरुद्ध ५४ असा, अवघ्या ४ गुणांनी जिंकला आणि ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक मात्र पराभूत संघातल्या जडला मिळाले. त्या पदकाला नाव आहे नॉर्म स्मिथचे. होय, १९५८ मध्ये ज्याच्या बरॅसीला जखडले गेले, त्याच स्मिथचे. जड त्या दिवशी अप्रतिम खेळला, याविषयी दुमत नाही; टॅगरांच्या कैवारापोटी त्याचे पदक कमी लेखू नये. पण त्या ४ गुणांच्या फरकात कर्कसारख्यांनी न होऊ दिलेल्या किती गोष्टी आहेत, ते मोजायला पदक नाही.

या कामाची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. सेंट किल्डाचा स्टीव्हन बेकर हा त्यातला सर्वांत वादग्रस्त अध्याय. २०१० मध्ये जिलाँगच्या स्टीव्ह जॉन्सनवर पहारा ठेवताना त्याच्यावर एकाच सामन्यातले अनेक आरोप सिद्ध झाले. जॉन्सनच्या आधीच दुखावलेल्या हातावर त्याने प्रहार केले होते. शिक्षा झाली ९ सामन्यांच्या बंदीची. त्याआधी २००७ मध्ये फ्रीमँटलच्या जेफ फार्मरशी त्याची टक्कर झाली होती, चेंडूपासून दूर आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. चित्रफीतच नव्हती. न्यायाधिकरणापुढे बेकरने स्वतःच सांगितले की मी त्याच्या पुढे होतो, थांबलो आणि तो मागून येऊन आदळला. या कबुलीच्या आधारे त्याला ७ सामने बाहेर बसवण्यात आले. टॅगरचे काम इतके अदृश्य असते की त्याच्या गुन्ह्याचा मुख्य पुरावाही त्याच्याच तोंडून यावा लागला. गप्प बसला असता तर काय झाले असते, याचा विचार त्याच्या पाठीराख्यांनी नक्कीच केला असेल.

शरीराची किंमत वेगळीच. दर आठवड्याला समोर नवा, ताजातवाना आणि बहुधा आपल्याहून गुणवान माणूस. आणि तो जाईल तेथे जायचे. पाठदुखीने बेजार असलेल्या क्रॉलीने घेतलेल्या एका वेदनाशामकातून बंदी असलेले मेथाडोन शरीरात गेले, चाचणीत सापडले आणि २०१५ मध्ये त्याला १२ महिन्यांची बंदी भोगावी लागली. कॉर्न्सने त्याच वर्षी, नेमके ३०० सामने पूर्ण करून, मोसम अर्ध्यावर असतानाच खेळ सोडला आणि तो अग्निशमन दलात दाखल झाला. आग पसरू न देणे हेच काम पुढे चालू ठेवले, असे गमतीने म्हणता येईल.

अलीकडे टॅगर कमी झाले. बदल्यांच्या संख्येवर मर्यादा आली : २०१४ मध्ये १२०, २०१६ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७५. अखंड धावणाऱ्या माणसाला विसावा कमी मिळू लागला. शिवाय प्रशिक्षक आता माणसावर पहारा ठेवण्यापेक्षा जागेवर ठेवणे पसंत करतात. एक माणूस एकाच कामात अडकवणे त्यांना परवडत नाही. ही पद्धत अधिक शहाणपणाची असेल. पण मोठ्या दिवशी जुने हत्यार अजून बाहेर काढले जाते.

आणि येथे इतिहास कॉलिंगवूडच्या दारात परत येतो. २०१८. कॉलिंगवूडचा स्टील साइडबॉटम आयुष्यातला सर्वोत्तम मोसम खेळत होता. ब्राउनलोच्या मोजणीत तो दुसरा आला. अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात, उपान्त्य सामन्यात, त्याने ४१ वेळा चेंडू पुढे पोहोचवला होता. अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टने त्याच्यावर मार्क हचिंग्जला सोडले. पुन्हा तेच मेलबर्नचे मैदान. साइडबॉटमच्या नावापुढे आकडा राहिला १४. कॉलिंगवूड सुरुवातीला चांगले २९ गुणांनी पुढे होते. शेवटची दोन मिनिटे उरली असताना डॉम शीडने सीमारेषेजवळून, अत्यंत अवघड कोनातून गोल केला आणि वेस्ट कोस्टने सामना ७९ विरुद्ध ७४ असा जिंकला. शीडची ती लाथ आजही पुन्हा पुन्हा दाखवली जाते. ४१ वजा १४ म्हणजे २७. त्या २७ वेळांची चित्रफीत असण्याचा प्रश्नच नाही.

येथे १९५८ शी तुलना करून पाहा. हॅरिसनचे काम आपल्याला सांगोवांगीवरून मानावे लागते, हचिंग्जचे आकड्यांवरून ताडता येते. तरीही आकड्यांत त्याचे नाव नाही. ती नोंद साइडबॉटमच्या रकान्यात आहे, एका लहान संख्येच्या रूपाने. टॅगरचा इतिहास लिहायचा तर तो असा दुसऱ्यांच्या रकान्यांतून वेचून काढावा लागतो.

शेवटचा प्रसंग २०२३ चा. कॉलिंगवूडचा विशीतला निक डेकॉस त्या वर्षी ब्राउनलोचा प्रबळ दावेदार होता. मोसमाच्या उत्तरार्धात हॉथॉर्नविरुद्धच्या सामन्यात त्याच्यामागे फिन मॅगिनिस लागला. त्याच सामन्यात डेकॉसच्या गुडघ्याला इजाही झाली, म्हणून सारे श्रेय मॅगिनिसला देता येत नाही. पण सामना संपला तेव्हा डेकॉसच्या नावापुढे आकडा होता ५, त्याच्या कारकिर्दीतला तोवरचा नीचांक. हॉथॉर्न जिंकले. साखळीतले उरलेले सामने डेकॉसला मुकावे लागले. पुढे कॉलिंगवूडने अजिंक्यपद मिळवले, डेकॉस त्या संघात होता. सप्टेंबरमध्ये ब्राउनलोची मते मोजली गेली तेव्हा ब्रिस्बेनच्या लाकी नीलला ३१, वेस्टर्न बुलडॉग्जच्या मार्कस बॉन्टेम्पेलीला २९ आणि डेकॉसला २८ मते होती.